शस्त्रपरवाना : प्रतिबंधित अग्निशस्त्रे

ज्या अग्निशस्त्रांच्या बाबतीत नागरिकांस नेहमीचा शस्त्रपरवाना दिला जात नाही, अशा शस्त्रांना सामान्यतः प्रतिबंधित अग्निशस्त्रे म्हणतात. सैन्य व पोलीस यांच्या वापरातील शस्त्रे खाजगी हातांत जाऊ नयेत, सैनिकी दारूगोळ्याला बाहेर मागणी निर्माण होऊ नये आणि एका व्यक्तीच्या हाती अल्पावधीत अनेकांचा संहार करण्याचे साधन असू नये, हे अशा निर्बंधामागील मुख्य हेतू होत. भारतात या विषयाचे नियमन शस्त्र अधिनियम, १९५९ आणि त्याखालील शस्त्र नियम, २०१६ यांनुसार होते. संविधानाच्या सातव्या अनुसूचीतील संघसूचीत शस्त्रे, अग्निशस्त्रे, दारूगोळा व स्फोटके हा विषय पाचव्या क्रमांकावर असून त्यावर कायदे करण्याचा अधिकार केवळ संसदेला आहे.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : भारतीयांच्या शस्त्रधारणेवर सर्वंकष बंधने १८५७ च्या उठावानंतर आली. १८६० च्या अधिनियमाने या बंधनांना व्यवस्थित रूप दिले आणि व्हाइसरॉय लॉर्ड लिटन यांच्या कारकीर्दीत १८७८ मध्ये संमत झालेल्या भारतीय शस्त्र अधिनियमाने ती कायम केली. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा या अधिनियमाने गुन्हा ठरला. मात्र यूरोपीय व इतर काही वर्गांना त्यातून सूट होती. त्यामुळे या कायद्याकडे सुरक्षेचा उपाय म्हणून न पाहता वांशिक भेदाचे व राष्ट्रीय अपमानाचे चिन्ह म्हणून पाहिले गेले. भारतीय राष्ट्रीय काँग्रेसने आरंभीच्या अधिवेशनांपासूनच त्याविरुद्ध ठराव केले. नियमांतील वांशिक सवलती पहिल्या महायुद्धानंतर दूर करण्यात आल्या. परंतु परवान्याचे बंधन तसेच राहिले. जानेवारी १९३० मध्ये महात्मा गांधींनी सरकारपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांपैकी एक स्वसंरक्षणार्थ अग्निशस्त्रांचे परवाने लोकनियंत्रणाखाली देण्यासंबंधीची होती. मूलभूत हक्कांविषयीच्या १९३१ च्या कराची ठरावातही नियमांच्या मर्यादेत शस्त्र बाळगण्याच्या हक्काचा समावेश झाला होता.

स्वातंत्र्यानंतर हा प्रश्न वेगळ्या स्वरूपात उभा राहिला. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामथ यांनी शस्त्र बाळगण्याचा हक्क मूलभूत हक्कांत घालावा, अशी उपसूचना मांडली. प्रत्येक व्यक्तीस बाजारात जाऊन आक्रमणाची हवी ती साधने निर्बंधाविना विकत घेता येऊ लागली, तर राज्यकारभार चालविणे शक्य होणार नाही, असे प्रतिपादन डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. उपसूचना अमान्य झाली. शीख धर्मीयांनी कृपाण धारण करणे हा त्यांच्या धर्माचरणाचा भाग मानला जाईल, एवढा एक उल्लेख अनुच्छेद २५ च्या स्पष्टीकरणात आला. परकीय सत्तेने लादलेली बंदी अन्याय्य मानणाऱ्या राष्ट्रानेच नियमनाचा अधिकार स्वतःच्या राज्यसंस्थेकडे ठेवला. १९५९ च्या अधिनियमाची भूमिका समजण्यासाठी हा संदर्भ महत्त्वाचा आहे. हा अधिनियम १ ऑक्टोबर १९६२ पासून अंमलात आला. सज्जन नागरिकास परवाना मिळणे सुलभ व्हावे आणि समाजविघातक व्यक्तींच्या हाती शस्त्र जाऊ नये, असा दुहेरी हेतू त्यामागे होता.

वर्गीकरण : अधिनियमात प्रतिबंधित शस्त्रांची व्याख्या दिली आहे. घोडा दाबून धरला असता तो सोडेपर्यंत अथवा गोळ्यांचे खोके रिकामे होईपर्यंत ज्यातून सलग गोळ्या सुटत राहतात, असे स्वयंचलित अग्निशस्त्र. अपायकारक द्रव, वायू किंवा तत्सम पदार्थ फेकणारे शस्त्र. तसेच तोफा, विमानविरोधी व रणगाडाविरोधी शस्त्रे यांचा त्यात अंतर्भाव होतो. राजपत्रातील अधिसूचनेद्वारे इतर शस्त्रांचाही या व्याख्येत समावेश करण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. अग्निबाण, बाँब, हातबाँब, तोफगोळे इ. प्रतिबंधित दारूगोळ्यात मोडतात.

या व्याख्येबाहेरच्या परंतु सर्वसाधारण परवान्याने न मिळणाऱ्या शस्त्रांचा एक मधला वर्ग नियमांनी निर्माण केला आहे. १९६२ च्या शस्त्र नियमांच्या पहिल्या अनुसूचीतील वर्गवारीत स्वयंचलित शस्त्रांखालोखाल पुढील प्रकार येतात : (१) पिस्तुले वगळता अर्धस्वयंचलित अग्निशस्त्रे, म्हणजे प्रत्येक वेळी घोडा ओढावा लागत असला, तरी पुढील काडतूस आपोआप नळीत भरणारी शस्त्रे, (२) २० इंचांहून आखूड नळीच्या गुळगुळीत नळीच्या बंदुका, (३) ·३०३ इंच किंवा ७·६२ मिमी. व्यासाची सैनिकी काडतुसे ज्यांतून झाडता येतात अशा रायफली. (४) ·४१० मस्केटची काडतुसे झाडणाऱ्या मस्केट बंदुका. (५) ·३८०, ·४५५ किंवा सैनिकी ९ मिमी. काडतुसे झाडणारी पिस्तुले, रिव्हॉल्व्हर व कार्बाइन. २०१६ च्या नियमांत प्रतिबंधित, निर्बंधित व अनुज्ञेय असा भेद केलेला आढळतो. व्यवहारात मात्र पहिल्या दोन्ही गटांना मिळून ‘प्रतिबंधित बोअर’ व उरलेल्यांना ‘अप्रतिबंधित बोअर’ म्हणण्याचा प्रघात आहे. त्यामुळे बराच गोंधळ उडतो. कारण परवाना देण्याचे निकष आणि गुन्ह्याची शिक्षा या दोन्ही बाबी शस्त्र नेमके कोणत्या गटात मोडते, यावर अवलंबून असतात.

बोअरच्या निर्बंधाचे कारण : नळीच्या आतील व्यासास बोअर म्हणतात. हा निर्बंध शस्त्राच्या संहारक्षमतेवर आधारलेला आहे, असा सर्वसाधारण समज असतो. तो पुरतेपणी बरोबर नाही. मोठ्या श्वापदांच्या शिकारीसाठी बनविलेल्या रायफलीची गोळी ·३०३ च्या सैनिकी गोळीहून कितीतरी जड असते. तरीही अशी रायफल अप्रतिबंधित गटात येऊ शकते. येथे निर्णायक प्रश्न शस्त्रात सैनिकी काडतूस बसते किंवा नाही, हा असतो. सैनिकी काडतूस खाजगी बंदुकीत चालत असेल, तर ते शस्त्रागारातून चोरून विकण्यास ग्राहक मिळतो. ते चालत नसेल, तर चोरीचे प्रयोजनच उरत नाही.

हे धोरण ब्रिटिश अमदानीपासूनचे आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी सैनिकी काडतुसांचा दुरुपयोग होऊ नये म्हणून भारतात ·४५० बोअरच्या रायफलींची आयात बंद करण्यात आली. तेव्हा इंग्रज बंदूककारांनी ·४७० व तत्सम नवी काडतुसे प्रचारात आणली. ती पूर्वीच्याइतकीच प्रभावी होती. परंतु सैनिकी काडतुसांशी त्यांची अदलाबदल होत नव्हती. स्वतंत्र भारतात आयुध निर्माणींनी नागरिकांसाठी ·३१५ बोअरची शिकारी रायफल आणि ·३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर व पिस्तूल तयार केले, त्यामागेही हाच विचार होता. इछापूर येथील रायफल कारखाना व कानपूर येथील लघुशस्त्र कारखाना यांची ही उत्पादने परवानाधारकांत सर्वाधिक परिचित आहेत. महाराष्ट्रात खडकी (पुणे) व वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखान्यांत सैन्यासाठी लहान शस्त्रांची काडतुसे तयार होतात. अशा काडतुसांचा हिशेब काटेकोर राहावा, हा बोअरच्या निर्बंधाचा व्यावहारिक अर्थ होय.

परवाना व त्याचे अधिकारी : अप्रतिबंधित शस्त्राचा परवाना जिल्हा दंडाधिकारी आणि पोलीस आयुक्तालय असलेल्या शहरांत पोलीस आयुक्त देतात. अर्जावर जवळच्या पोलीस ठाण्याच्या अधिकाऱ्याचा अहवाल मागविला जातो. अर्जदाराचे वय एकवीस वर्षे पूर्ण असावे लागते. मनोविकल व्यक्ती, हिंसा किंवा नैतिक अधःपतन यांचा अंतर्भाव असलेल्या गुन्ह्याबद्दल शिक्षा झालेली व्यक्ती (शिक्षा संपल्यानंतर पाच वर्षांपर्यंत) आणि शांतता राखण्याचे वा चांगल्या वर्तनाचे बंधपत्र दिलेली व्यक्ती (बंधपत्राच्या मुदतीत) यांस शस्त्र बाळगता येत नाही. २०१६ च्या नियमांनी वैद्यकीय प्रमाणपत्राबरोबरच शस्त्र सुरक्षितपणे हाताळण्याचे प्रशिक्षणही आवश्यक केले. परवान्याची नोंद राष्ट्रीय माहितीकोशात होऊन धारकास एक स्वतंत्र ओळख क्रमांक दिला जातो.

परवाना देण्याच्या बाबतीत अधिनियमाने तारतम्य राखले आहे. स्वसंरक्षण वा क्रीडा यांसाठी किमान २० इंच नळीची गुळगुळीत नळीची बंदूक अथवा पीकसंरक्षणासाठी तोंडाने ठासावयाची बंदूक मागणाऱ्या नागरिकास, इतर हरकत नसल्यास, परवाना द्यावा असे बंधन अधिकाऱ्यावर आहे. अन्य अनुज्ञेय शस्त्रांसाठी अर्जदारास सबळ कारण दाखवावे लागते. केवळ पुरेशी मालमत्ता नाही, एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येत नाही. नकाराची कारणे लेखी नमूद करावी लागतात व त्याविरुद्ध अपील करता येते.

प्रतिबंधित गटाच्या बाबतीत ही दिशा उलट होते. व्याख्येत बसणाऱ्या प्रतिबंधित शस्त्राचा परवाना नाकारणे हे परवाना अधिकाऱ्याचे कर्तव्यच ठरते. केंद्र शासनाने विशेष प्राधिकार दिल्यासच ते शस्त्र जवळ ठेवता येते. निर्बंधित बोअरच्या शस्त्रांचे अर्ज केंद्रीय गृह मंत्रालय विचारात घेते आणि त्यासाठी नियमांनी मोजकेच वर्ग सांगितले आहेत : दहशतवादी वा अतिरेकी सक्रिय असलेल्या प्रदेशात राहिल्यामुळे किंवा त्यांचे लक्ष्य बनल्यामुळे ज्यांच्या जीवितास गंभीर धोका आहे अशा व्यक्ती, पदाच्या स्वरूपामुळे असा धोका असलेले शासकीय अधिकारी, दहशतवादविरोधी कार्याशी संबंध आल्यामुळे धोक्यात आलेले संसद व विधिमंडळ सदस्य, आणि अशा धोक्याची झळ पोहोचू शकेल असे आप्त. शासनाच्याच आदेशाविरुद्ध अधिनियमात अपिलाची तरतूद नसल्यामुळे नाकारलेल्या अर्जदारास उच्च न्यायालयाच्या रिट अधिकारितेचाच आश्रय घ्यावा लागतो. धोका खरा कोणाला व किती, हे प्रशासनच ठरवीत असल्याने या परवान्यांचा प्रतिष्ठेचे चिन्ह म्हणून वापर होतो, ही टीका वारंवार होते. सामान्य मनुष्यास धोका असल्यास त्याने पोलिसांवर विसंबावे आणि पदस्थास मात्र विशेष शस्त्र मिळावे, या विषमतेचे समर्थन धोक्याची पडताळणी प्रामाणिकपणे झाली, तरच होऊ शकते.

संख्या, मुदत व वारसा : मूळ अधिनियमात अग्निशस्त्रांच्या संख्येवर मर्यादा नव्हती. १९८३ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीस अधिकाधिक तीन व २०१९ च्या दुरुस्तीने दोन अग्निशस्त्रांची मर्यादा घालण्यात आली. २०१९ च्या मूळ विधेयकात ही मर्यादा एकच होती. जादा शस्त्र एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात वा अधिकृत विक्रेत्याकडे जमा करणे बंधनकारक करण्यात आले. नेमबाजीचे खेळाडू व रायफल मंडळे यांच्यासाठी स्वतंत्र सवलती आहेत. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच वर्षे केली.

अग्निशस्त्र ही मालमत्ता असली, तरी ते बाळगण्याचा अधिकार वारशाने आपोआप मिळत नाही. धारकाच्या मृत्यूनंतर वारसाने ते जमा करून स्वतःच्या नावे परवाना मागावा लागतो. धारकाच्या वयास सत्तर वर्षे पूर्ण झाल्यावर किंवा शस्त्र पंचवीस वर्षे बाळगल्यावर, यांपैकी जे आधी घडेल तेव्हा, त्याच्या हयातीतही वारसाच्या नावे परवाना होऊ शकतो. दोन शस्त्रांची मर्यादा वारशाच्या शस्त्रांनाही लागू आहे. अनेक घरांत आजोबांच्या काळातील ·३०३ रायफल वा सैनिकी रिव्हॉल्व्हर निघते. ते भिंतीवरची शोभा म्हणून ठेवले असले, तरी झाडता येत असेल वा दुरुस्तीने झाडण्याजोगे होत असेल, तर परवान्याविना ते जवळ असणे हा गुन्हा होय. कालबाह्य वा पुराणवस्तू म्हणून मूल्य असलेली अथवा दुरुस्त करूनही न चालणारी शस्त्रे मात्र अधिनियमाच्या कक्षेबाहेर आहेत.

अपवाद : जनहितार्थ काही व्यक्ती वा वर्ग यांना सूट देण्याचा अधिकार केंद्र शासनास आहे. कर्नाटकातील कोडगू (कूर्ग) प्रदेशातील कोडव जमात व तेथील जम्मा जमिनीचे धारक यांना परंपरेने मिळत आलेली सूट हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ही सूट २०१९ मध्ये दहा वर्षांसाठी वाढविण्यात आली व कर्नाटक उच्च न्यायालयाने २०२१ मध्ये ती वैध ठरविली. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ नुसार अभयारण्यात व त्याच्या दहा किमी. परिसरात राहणाऱ्या परवानाधारकांनी वन्यजीव अधिकाऱ्यांकडे आपली नोंदणी करणे आवश्यक आहे. शिकारीवर या अधिनियमाने बंदी आल्यामुळे परवान्याचे एक जुने प्रयोजनच जवळजवळ संपुष्टात आले.

गुन्हे व शिक्षा : २०१९ च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण अग्निशस्त्र परवान्याविना बाळगल्यास किमान दोन व कमाल पाच वर्षे कारावास व दंड होतो, प्रतिबंधित शस्त्र बाळगल्यास किमान सात व कमाल चौदा वर्षे. प्रतिबंधित शस्त्रांची बेकायदा निर्मिती वा विक्री यांसाठी, तसेच पोलीस वा सैन्य यांच्याकडून बळाने शस्त्र हिसकावून घेण्यासाठी किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. लग्न, मिरवणूक इ. प्रसंगी बेफिकिरीने हवेत गोळ्या झाडून इतरांचे जीवित धोक्यात आणणे हाही स्वतंत्र गुन्हा ठरविला असून त्यास दोन वर्षांपर्यंत कारावास, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

प्रतिबंधित शस्त्राच्या वापराने मृत्यू घडल्यास देहान्त शिक्षा अनिवार्य करणारे कलम १९८८ मध्ये घालण्यात आले होते. न्यायाधीशास कोणताही विवेकाधिकार न ठेवणारी ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये घटनाबाह्य ठरविली. ‘बाळगणे’ या संज्ञेचा अर्थही न्यायालयांनी निश्चित केला आहे. १९७२ मध्ये गुणवंतलाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असे म्हटले, की शस्त्र प्रत्यक्ष अंगावर असणे आवश्यक नाही. परंतु ते आपल्या ताब्यात आहे याची जाणीव व त्यावर नियंत्रण असणे आवश्यक आहे. मुंबईतील १९९३ च्या बाँबस्फोट खटल्यातून उद्भवलेल्या संजय दत्त प्रकरणात १९९४ मध्ये घटनापीठाने जाणीवपूर्वक ताब्याचे हेच तत्त्व दहशतवादविरोधी कायद्यालाही लावले.

हक्क की सवलत : शस्त्र बाळगणे हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भाग आहे काय, हा प्रश्न विशेषतः अलाहाबाद उच्च न्यायालयापुढे अनेकदा आला. १९८५ मध्ये कैलाशनाथ खटल्यात पूर्णपीठाने परवाना ही कायद्याने दिलेली सवलत असल्याचे मत दिले. १९९३ मध्ये त्याच न्यायालयात वेगळा सूर निघाला. परंतु पुढे पूर्णपीठाने तो मान्य केला नाही. २०२३ मध्ये विनापरवाना शस्त्रांच्या प्रसाराची स्वतःहून दखल घेताना सर्वोच्च न्यायालयानेही भारतीय संविधानात असा मूलभूत हक्क नसल्याचे नमूद केले. तथापि सवलत असली, तरी ती मनमानीने काढून घेता येत नाही. निवडणुकीच्या काळात सर्व परवानाधारकांकडून सरसकट शस्त्रे जमा करून घेण्याच्या प्रघाताबाबत मुंबई उच्च न्यायालयाने गोव्यातील एका प्रकरणात २००९ मध्ये प्रत्येक प्रकरणाची छाननी समितीमार्फत स्वतंत्र तपासणी व्हावी, असे ठरविले आणि निवडणूक आयोगानेही तदनुसार सूचना दिल्या.

इतर देश : ग्रेट ब्रिटनमध्ये हंगरफर्ड येथील १९८७ च्या हत्याकांडानंतर बहुतेक अर्धस्वयंचलित रायफलींवर व डनब्लेन येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर पिस्तुलांवर बंदी आली. ऑस्ट्रेलियाने पोर्ट आर्थर येथील १९९६ च्या हत्याकांडानंतर अशीच बंदी घालून नागरिकांकडील सहा लाखांहून अधिक शस्त्रे मोबदला देऊन परत घेतली. कॅनडाच्या कायद्यातही प्रतिबंधित, निर्बंधित व अनिर्बंधित असे तीन गट आहेत. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत शस्त्र बाळगणे हा वैयक्तिक घटनात्मक हक्क असल्याचे तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये मान्य केले; तरी तेथेही मशीनगनवर १९३४ पासून नोंदणीचे व कराचे बंधन असून १९८६ नंतर तयार झालेल्या मशीनगन नागरिकांस विकत घेता येत नाहीत.

भारतातील अनुभव असा, की कायद्याचा भार मुख्यत्वे नोंदणीकृत धारकावर पडतो, तर बहुसंख्य शस्त्रगुन्हे गावठी कट्टे व अन्य विनापरवाना शस्त्रे यांनी घडतात. परवान्याचे नियम कडक केल्याने पहिल्या प्रश्नाचे नियमन होते. दुसऱ्याचे निराकरण चोरट्या निर्मितीचा शोध, सैनिकी व पोलिसी साठ्यांचा चोख हिशेब आणि शस्त्रे गटात बसतात की नाही याची न्यायालयात टिकेल अशी तज्ञ तपासणी यांवरच अवलंबून आहे. अशी तपासणी अपुरी राहिल्यास प्रतिबंधित शस्त्राचा आरोप सिद्ध होत नाही आणि निरपराध व्यक्तीवर तो आल्यास तिला सौम्य व अतिकठोर शिक्षांमधील सीमारेषेवर उभे राहावे लागते. त्यामुळे वर्गीकरणाची स्पष्टता ही केवळ नियमावलीची तांत्रिक बाब नसून सार्वजनिक सुरक्षा व व्यक्तीचे स्वातंत्र्य या दोहोंचीही ती पूर्वअट आहे.